मूल ट्रॅव्हल बेसबॉल खेळू लागणार असेल तर: अमेरिकेतील मराठी पालकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत वसंत सुरू झाला की गावोगावच्या मैदानांवर लहान मुलांचे जे सामने दिसतात, ते बहुतांशी गावच्या रिक्रिएशन लीगचे असतात. नाव नोंदवले, माफक शुल्क भरले की टोपी आणि जर्सी मिळते, आठवड्याला एक सराव आणि एक-दोन सामने होतात, आणि आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळावे असा नियमच असतो. लिटल लीग ही त्यातील सर्वांत परिचित संस्था असून १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी ती सुरू केली. ट्रॅव्हल बेसबॉलचा व्यवहार याहून वेगळा आहे. तेथे मुलाची निवड-चाचणी होते, सामने मुख्यतः शनिवार-रविवारच्या स्पर्धांमध्ये खेळले जातात, त्या स्पर्धा घरापासून वीस मैलांवर असू शकतात तशा दोनशे मैलांवरही असू शकतात, आणि कोणाला किती खेळवायचे हे कोच ठरवतो. क्रिकेट पाहत वाढलेल्या पालकांना बेसबॉलचे नियम एका मोसमात समजतात. वेळ, पैसा आणि मुलाचा खांदा यांचा जो हिशेब या व्यवहारात मांडावा लागतो, तो मात्र कोणी आपणहून समजावून सांगत नाही. तो हिशेब अनामत रक्कम भरण्याआधी मांडावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. मुलींच्या ट्रॅव्हल सॉफ्टबॉललाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

पहिली पायरी: घरचे वेळापत्रक समोर ठेवावे

ट्रॅव्हल संघाचे वर्ष साधारणपणे जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये ट्रायआउटने, म्हणजे निवड-चाचणीने, सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हलका फॉल मोसम असतो, थंडीत बंदिस्त जागेत जाळीच्या पिंजऱ्यात फलंदाजीचा सराव चालतो, आणि मार्च-एप्रिलपासून जुलैपर्यंत मुख्य मोसम असतो. हे वेळापत्रक मराठी घराच्या वेळापत्रकावर ठेवून पाहिले की अडचणी लगेच दिसतात. मराठी शाळा बहुधा रविवारी भरते, आणि स्पर्धेच्या बाद फेऱ्याही रविवारीच असतात. गणपती आणि ट्रायआउट जवळपास एकाच सुमारास येतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे दर दोन वर्षांनी होणारे अधिवेशन उन्हाळ्यात असते, आणि शाळेला सुट्टी लागली की भारतात जायचे हा अनेक घरांचा शिरस्ता नेमका ऐन मोसमात येतो. यांपैकी एकही गोष्ट सोडून द्यावी असे नाही. डिसेंबरमध्ये भारतात जाणे, मराठी शाळेच्या शिक्षकांशी वर्षारंभीच बोलून ठेवणे, ज्या शनिवार-रविवारी मूल येऊ शकणार नाही त्यांच्या तारखा कोचला ट्रायआउटच्या वेळीच लेखी कळवणे, अशा तडजोडी बहुतेक संघांत चालतात. ऐन जून महिन्यात दिलेली सूचना मात्र कोणालाच आवडत नाही, कारण अकरा मुलांच्या संघातून दोघे गेले तर मैदानावर नऊच उरतात.

घरात दुसरे मूल असेल तर त्याचाही विचार याच टप्प्यावर करावा. मोठ्याच्या खेळापायी धाकटीने किती शनिवार मैदानाच्या कडेला काढायचे, हा प्रश्न पहिल्या महिन्यात कोणाच्या मनात येत नाही आणि तिसऱ्या महिन्यात रोज येतो.

दुसरी पायरी: ट्रायआउट आणि त्यानंतरचे प्रश्न

ट्रायआउटला मुलाच्या पाठीवर क्रमांक लावतात आणि जमिनीवरून येणारे चेंडू अडवणे, उंच झेल घेणे, लांबून फेकणे, धावणे आणि फलंदाजी पाहतात. ज्यांना पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणे) किंवा कॅचिंग (फलंदाजामागे बसून तो चेंडू पकडणे) करायचे असेल त्यांना वेगळे बोलावतात. पालकांनी या वेळी दूर बसावे. संघांची नावे वयोगटानुसार दहा-यू, अकरा-यू अशी असतात (यू म्हणजे ‘अंडर’), आणि वय मोजण्याची अंतिम तारीख ट्रॅव्हल संस्थांची व लिटल लीगची एकच असेल असे गृहीत धरू नये. त्यामुळे एकच मूल एकीकडे दहाच्या गटात आणि दुसरीकडे अकराच्या गटात बसू शकते. जन्मदाखल्याची प्रत संघाच्या फायलीत ठेवावी लागते. मूल भारतात जन्मलेले असेल तर महानगरपालिकेच्या दाखल्याबरोबर पासपोर्टचीही प्रत द्यावी, म्हणजे स्पर्धेच्या टेबलावर शंका निघत नाही.

निवड झाली की फोन किंवा ईमेल येतो आणि एक-दोन दिवसांत अनामत रक्कम भरण्यास सांगतात. ही घाई ठरलेलीच असते, कारण त्या आठवड्यात प्रत्येक संघ इतर संघांच्या आधी आपली यादी भरू पाहत असतो. तरीही काही प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि जो कोच या प्रश्नांनी वैतागतो त्याच्याकडे मूल वर्षभर सोपवावे की नाही, याचे उत्तर त्याच्या वैतागातच मिळते. संघात किती मुले असतील? अकरा-बारा ठीक, चौदा असतील तर बाकावर बसणे ठरलेले आहे. सर्व मुले फलंदाजी करतात, की नऊच जण? स्पर्धा किती, आणि सर्वांत लांबची कोठे? बाहेरून ऐनवेळी पाहुणे खेळाडू आणले जातात का, आणि आणले तर कोणाच्या जागी? कोच पगारी आहे की संघातल्याच एखाद्या मुलाचे वडील? वडील कोच असणे वाईट नव्हे. कित्येक उत्तम संघ त्यांच्याच जिवावर चालतात. पण कोचचाच मुलगा कायम शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली मानाची जागा) आणि फलंदाजीत वरच्या क्रमांकावर असतो, अशी कुजबुज प्रत्येक गावात ऐकू येते आणि तिला ‘डॅडी बॉल’ असे नावही आहे. दुखापत झाल्यास किंवा मधेच गाव सोडावे लागल्यास पैसे परत मिळतात का, हेही विचारून घ्यावे. बहुधा मिळत नाहीत.

खेळातही काही फरक पडतात. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत धावकाला बेस (धावताना गाठायचा टप्पा) सोडता येत नाही, तर ट्रॅव्हलमध्ये नवव्या-दहाव्या वर्षापासूनच बेसपासून पुढे सरकून उभे राहता येते आणि चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे धाव घेता येते. लिटल लीगच्या लहान मैदानावर दोन बेसमध्ये ६० फूट अंतर असते, तर ट्रॅव्हलमध्ये दहा वर्षांखालील मुले साधारणतः ६५ फुटांवर आणि अकरा-बाराची ७० फुटांवर खेळतात. त्यामुळे गावच्या लीगमध्ये तळपणारे मूल पहिल्या दोन महिन्यांत चाचपडताना दिसले, तर त्याचा फार अर्थ लावू नये.

तिसरी पायरी: पैशांचा अंदाज

अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या प्रोजेक्ट प्ले या उपक्रमाच्या पाहणीनुसार २०२४ साली अमेरिकन कुटुंबाने मुलाच्या मुख्य खेळावर सरासरी १,०१६ डॉलर खर्च केले, आणि २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के होती. ही सरासरी सर्व खेळांची आणि सर्व पातळ्यांची आहे. ट्रॅव्हल बेसबॉलचा खर्च सहज त्याच्या वर जातो. संघाच्या शुल्कात स्पर्धांचे प्रवेशशुल्क, सरावाची जागा आणि पंचांचे मानधन बहुधा धरलेले असते, पण गणवेश, बॅग, पेट्रोल, हॉटेल आणि बाहेरचे जेवण धरलेले नसते. अनेक मोठ्या स्पर्धांमध्ये संघातील कुटुंबांनी आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलांतच राहावे असा नियम असतो, आणि त्यामुळे नातेवाइकांकडे मुक्काम करून पैसे वाचवण्याचा मार्ग बंद होतो. शिवाय आपल्याच मुलाचा सामना पाहण्यासाठी फाटकावर तिकीट काढावे लागते, ही गोष्ट नव्या पालकांना पहिल्यांदा खरीच वाटत नाही.

बॅटीच्या बाबतीत थोडे सावध असावे. बॅटीवर कोणत्या मानकाचा शिक्का आहे यावर ती कोठे चालेल हे ठरते. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगमध्ये यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेली बॅट लागते, बहुतेक ट्रॅव्हल स्पर्धांत यूएसएसएसए या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या शिक्क्याची अधिक उसळीची बॅट वापरतात, आणि हायस्कूलमध्ये बीबीकोर मानकाची बॅट लागते. दोन्हीकडे खेळणाऱ्या मुलाकडे त्यामुळे दोन बॅटी दिसतात. दुकानात ‘ड्रॉप टेन’ म्हणतात तेव्हा बॅटीच्या इंचांतील लांबीतून औंसांतील वजन वजा केल्यावर दहा उरतात असा अर्थ असतो, म्हणजे तीस इंची बॅट वीस औंसांची. चारशे डॉलरची नवी बॅट पहिल्या वर्षी घेऊच नये, कारण वाढत्या वयात ती फार तर दोन मोसम पुरते. वर्षभर वापरलेली बॅट संघातल्या मोठ्या मुलाकडून निम्म्या किमतीत मिळते. ग्लव्ह मात्र हाताला नीट बसणारा आणि चांगल्या चामड्याचा घ्यावा.

चौथी पायरी: स्पर्धेचा शनिवार-रविवार

शनिवारी गटवार दोन सामने होतात, त्यांच्या निकालावरून क्रमवारी लागते, आणि रविवारी बाद फेरी सुरू होते. रविवारचा पहिला सामना सकाळी आठला आहे की दुपारी दोनला, हे शनिवारी रात्री उशिरा फोनवरील अ‍ॅपमध्ये कळते, म्हणून रविवारी दुसरे काहीही ठरवू नये. सकाळी आठला हरले तर दहा वाजता घरचा रस्ता धरता येतो. जिंकत राहिले तर अंतिम सामना संध्याकाळी संपतो, तेथून तीन तास गाडी चालवायची असते आणि सोमवारी शाळा असते. अशा वेळी मोठ्यांच्या मनात मुलाच्या विजयाबद्दल संमिश्र भावना उमटतात, त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही.

सामन्याला बहुधा दीड ते पावणेदोन तासांची मर्यादा असते आणि ती संपल्यावर नवी इनिंग सुरू करत नाहीत. क्रमवारीत दोन संघांची बरोबरी झाल्यास कोणी किती धावा दिल्या हे पाहतात, म्हणून शनिवारचा हरलेला सामनाही किती फरकाने हरला याला महत्त्व असते. वीज चमकली की मैदान रिकामे करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबतात. पुन्हा गडगडले की अर्धा तास पुन्हा शून्यापासून मोजतात. गाडीत पत्ते किंवा पुस्तक असू द्यावे.

खाण्याचा प्रश्न शाकाहारी घरांना विशेष जाणवतो. मैदानावरच्या टपरीत हॉट डॉग, नाचोज, प्रेट्झेल आणि बर्फाचे रंगीत गोळे याखेरीज फारसे काही नसते. दोन सामन्यांमध्ये दोन तासांचे अंतर असेल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, पोळीची सुरळी, केळी, दहीभात हे उत्तम चालते, आणि आठवडाभरात संघातली इतर मुलेही पुऱ्यांची चौकशी करू लागतात. मात्र शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की नेण्यापूर्वी संघात कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे अवश्य विचारावे. डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर) मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात. काही मैदानांवर बाहेरचा कूलर आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा गाडीत ठेवून मधल्या वेळेत तेथेच खाणे सोयीचे पडते. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्यासाठी पाठीला टेका असलेली घडीची खुर्ची आणि सावलीचा मांडव न्यावा, कारण स्टँडवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर जुलैच्या उन्हात अर्धा तासही बसवत नाही.

पांढऱ्या विजारीवरच्या लाल मातीचे डाग हा एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. हॉटेलवर परतल्यावर विजार झटकावी, आधी गार पाण्याखाली माती वाहू द्यावी, मग गुडघ्यांवर आणि कुल्ह्यावर फेल्स-नॅप्था या कपड्यांच्या साबणाची पिवळी वडी घासून रात्रभर बादलीत किंवा टबात भिजत ठेवावी. गरम पाणी आणि ड्रायर यांनी डाग कायमचा बसतो. दोन विजारी असल्या तर बरेच सोपे जाते.

पाचवी पायरी: मुलाच्या हाताची नोंद स्वतः ठेवावी

इतर सर्व गोष्टी चुकल्या तरी निभावून नेता येतात. ही चुकू देऊ नये. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ९-१० वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त ७५, ११-१२ वर्षांच्या मुलाने ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने ९५ चेंडू टाकावेत. चौदा वर्षांपर्यंत २० चेंडूंपर्यंत विश्रांतीचा दिवस लागत नाही, २१ ते ३५ चेंडूंना एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ किंवा अधिक चेंडूंना चार दिवस विश्रांती हवी. ९ ते १२ या वयात बारा महिन्यांत एकूण ८० पेक्षा अधिक इनिंग पिचिंग करू नये आणि वर्षातून किमान चार महिने फेकण्यापासून पूर्ण सुट्टी घ्यावी, त्यांतले दोन-तीन महिने सलग.

आता अडचण अशी की कित्येक स्पर्धांचे नियम चेंडू मोजत नाहीत, इनिंग मोजतात. आणि एक इनिंग आठ चेंडूंत संपते तशी पस्तीस चेंडूंतही संपते. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. गुरुवारी गावच्या लीगमध्ये चाळीस चेंडू टाकलेल्या मुलाला ट्रॅव्हलचा कोच शनिवारी सकाळी पुन्हा उभे करतो, कारण गुरुवारचे त्याला ठाऊकच नसते. पिच स्मार्टच्या हिशेबाने त्या मुलाने शुक्रवार आणि शनिवार विश्रांती घेऊन रविवारी टाकायला हवे. दोन्ही संघ ज्याला माहीत आहेत असा माणूस एकच, आणि तो म्हणजे पालक. म्हणून बॅगेत एक छोटी वही ठेवावी आणि तारीख, संघ, टाकलेले चेंडू आणि पुन्हा टाकता येईल तो दिवस अशा चार रकान्यांत प्रत्येक वेळेची नोंद करावी. बहुतेक संघ गेमचेंजर अ‍ॅपवर धावफलक ठेवतात आणि त्यात टाकलेल्या चेंडूंचा आकडा मिळतो, तो त्याच दिवशी उतरवून घ्यावा. ही वही कोचला दाखवताना संकोच करू नये. चांगला कोच आभारच मानतो.

पिचिंग केल्यावर त्याच दिवशी मुलाला कॅचर म्हणून बसवू नये, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकायचा असतो. वळणारे चेंडू टाकण्याची घाई नको. वेगवान चेंडू आणि चेंजअप (त्याच हालचालीने टाकलेला संथ चेंडू) नीट जमल्यानंतर, तेरा-चौदाव्या वर्षी, ते सुरू करावेत असे हीच तत्त्वे सांगतात. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडे अद्याप पक्की झालेली नसतात आणि वारंवार फेकण्याने तेथील वाढीच्या भागाला इजा होते, त्या दुखण्याला ‘लिटल लीग एल्बो’ असेच नाव पडले आहे. मूल कोपर चोळू लागले, अंतर नेहमीचे असूनही फेक कमी पडू लागली, किंवा ‘थोडेसेच दुखते’ असे म्हणू लागले, तर फेकणे त्याच दिवशी थांबवावे आणि मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळी देऊन अंतिम सामन्यात उतरवणे हा प्रकार मैदानावर दिसतो. आपण तो करू नये, दहा वर्षांच्या मुलाचा कोणताही चषक त्या किमतीचा नसतो.

पालकांनी कसे वागावे

मुलाला कमी खेळवले म्हणून सामन्यानंतर लगेच कोचला गाठू नये. बहुतेक संघांत चोवीस तास थांबण्याचा संकेत आहे. आधी मुलाने स्वतः कोचशी बोलावे, हे या देशात अपेक्षितही असते आणि हिताचेही. पंचांवर ओरडू नये, ते अनेकदा हायस्कूलची मुले असतात. आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची आहे: जाळीमागून मराठीत दिलेल्या ‘कोपर वर घे’, ‘पुढे सरक’ या सूचना कोणाला कळत नाहीत असे आपल्याला वाटते, पण मुलाला त्या कळतात, आणि त्याच क्षणी कोच त्याला नेमके उलट सांगत असतो.

पुढचा पल्ला

बाराव्या वर्षी अनेक संघ न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउनला जातात. बेसबॉलचे हॉल ऑफ फेम या गावात १९३९ पासून आहे, आणि जवळच्या कूपर्सटाउन ड्रीम्स पार्कमध्ये १९९६ पासून उन्हाळाभर आठवड्याच्या स्पर्धा होतात. मुले आणि कोच आतल्या बराकींत राहतात, पालक बाहेर. प्रत्येक संघ आपला बिल्ला बनवून आणतो आणि मुले आठवडाभर बिल्ल्यांची देवघेव करतात. प्रत्येक मुलामागे हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असल्याने संघ वर्षभर आधीपासून निधी जमवतात. एवढ्या खर्चात जर कुठली स्पर्धा परवडवून घ्यावी असे मला वाटत असेल, तर ती हीच. स्पर्धा कॅनडात असेल तर भारतीय पासपोर्टवर असलेल्या आणि ग्रीन कार्ड नसलेल्या कुटुंबाने कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत परतण्याची कागदपत्रे काही महिने आधी तपासावीत.

चौदा-पंधराव्या वर्षानंतर वसंताचा मोसम हायस्कूलच्या संघाचा होतो आणि ट्रॅव्हल उन्हाळा व शरदात चालते. येथे शिष्यवृत्तीचा विषय निघतो, आणि तो पैशांच्या गुंतवणुकीसारखा मांडला जातो, म्हणून आकडा माहीत असावा. अनेक वर्षे एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संस्थेच्या पहिल्या श्रेणीतील बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या २७ पर्यंत खेळाडूंत वाटल्या जात, म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती दुर्मीळच. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर त्यात सहभागी झालेल्या विद्यापीठांवरची ही मर्यादा गेली, पण संघ ३४ जणांपुरता मर्यादित झाला. तिसऱ्या श्रेणीत आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल आदी आठ विद्यापीठांत) खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. भारतातून आलेल्या आईवडिलांचा फ्लोरिडातील मुलगा अर्जुन निम्मला याला २०२३ साली टोरोंटो ब्लू जेज या मेजर लीग संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, विसाव्या क्रमांकावर निवडले, तेव्हा आपल्या गटांत ती बातमी बरीच फिरली आणि ती आनंदाचीच होती. मात्र तिच्या आधारावर दहा वर्षांच्या मुलाच्या खर्चाचे समर्थन करू नये. मुलाला सोमवारी संध्याकाळी अंगणात आपणहून चेंडू फेकावासा वाटतो का, ही खूण अधिक भरवशाची आहे.

मोसम संपताना संघ बदलायचा किंवा थांबायचे ठरले, तर पुढचे ट्रायआउट लागण्यापूर्वी कोचला फोन करून सांगावे, बाकी रक्कम चुकती करावी, संघाची हेल्मेट व जर्सी परत द्यायची असल्यास धुऊन द्यावी, आणि गावच्या लीगची नोंदणी कधी बंद होते ती तारीख पाहून ठेवावी, कारण ट्रॅव्हल सोडलेली मुले तेथे वसंतात सहज सामावली जातात.